धनुर्मासातल्या सकाळी

२७ डिसेंबर. महाबळेश्वर, वेण्णा तलाव. आकाश निरभ्र, वारा पडलेला.

उजाडायच्या आधीच तलावाच्या काठी पोचलो. बोटींच्या धक्क्यावरच्या फळ्या पांढऱ्या दिसत होत्या. बोट लावलं तर खरखरीत लागलं. दव गोठलं होतं! गवताच्या पात्यांना कडेकडेने बारीक काटे फुटलेले, आणि उभ्या जीपच्या टपावर नखाने ओरखडा काढता येईल एवढा थर. वर बाजारपेठेत आम्ही नुसत्या शालीवर निघालो होतो. इथे बोटं वळेनात.

तलावाची जागा गावापेक्षा खोलगट आहे. रात्री ढग नसले की जमिनीची दिवसभराची ऊब सरळ आकाशात निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि सखल जागी साचते. जवळच्याच लिंगमळ्याला हिमकण दिसतात तेही याचमुळे. तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंच ठेवलेला असतो, त्यामुळे त्यावर ४-५ अंश दिसले तरी खाली गवताच्या पात्यावर पारा शून्याखाली गेलेला असू शकतो.

मला यातला वाऱ्याचा भाग फार आवडतो. रात्री जरा जोराचा वारा सुटला, तर वरची ऊबदार हवा खाली मिसळते आणि हिमकण होतच नाहीत. रात्रभर काहीही न हललं तरच ही पांढरी सकाळ मिळते.

सूर्य वर आला तशी सगळी मंडळी उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. पण उगवल्यानंतरची पहिली काही मिनिटंच सगळ्यात बोचरी होती. कोवळं ऊन तिरपं पडतं, त्याने मिळणारी ऊब जमिनीतून निघून जाणाऱ्या उबेपेक्षा अजून कमी असते. तेवढा वेळ पारा उतरतच राहतो. मग एकदम फळ्या ओल्या झाल्या आणि सगळं संपलं.

२९ डिसेंबर. पुणे. ढगाळ.

ढगांनी रात्रीची ऊब अडवून धरली. दव नाही, धुकं नाही. वेताळ टेकडीवर जाऊन आले. सिंहगड दिसला नाही.

३ जानेवारी. निफाड, नाशिक जिल्हा. निरभ्र, उत्तरेचा गार वारा दोन दिवस वाहून रात्री थांबला.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर, निफाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. तरी राज्यातलं सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा इथलं असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद पेपरात येते ती हीच. मोकळं सपाट रान, कोरडी हवा आणि उत्तरेकडून येणारा गार वारा. डोंगरावर गेलं की थंडी, हे आपण शाळेत शिकतो. पण हिवाळ्यातल्या शांत पहाटे ते पुरेसं नसतं.

पहाटे पाचला मळ्यात शेकोट्या पेटल्या होत्या. मणी भरत आलेल्या द्राक्षांना असा गारठा सोसत नाही, मणी तडकतात. त्यामुळे बागेत ठिकठिकाणी धूर करायचा, ठिबक सुरू करून मुळांशी पाणी द्यायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार लागत होतं. वर्षभराचा खर्च वेलीवर लटकलेला असताना माणूस रात्री झोपणार कसा? फिरायला आलेल्यांना जी थंडी हवीहवीशी वाटते, तीच इथे घरातल्या सगळ्यांना बाहेर काढते. मला त्या सकाळी थंडीचं कौतुक करवेना. मी काटक्या आणून दिल्या.

४ जानेवारी. नांदूर मध्यमेश्वर. पाण्यावर वाफ.

गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. बंधाऱ्यामागचं पाणी उथळ आणि पसरट. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेलं हे राज्यातलं पहिलं पाणथळ ठिकाण. पाणी जमिनीइतक्या लवकर निवत नाही, म्हणून काठावर कानटोपी असताना पाण्यावरून वाफा निघत होत्या. त्या वाफेत चक्रवाकांची जोडी, शेंदरी-बदामी, आधी फक्त आवाजाने कळली. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे वीण करणाऱ्या या पक्ष्यांना आपला गारठा म्हणजे काहीच नसेल. थापट्या बदकांचा थवा चोच पाण्यात घालून चाळत होता. तासभर आम्ही कोणी बोललो नाही.

१२ जानेवारी. पुणे. निरभ्र, नदीकाठी धुकं.

उद्या भोगी, त्यामुळे घरात तीळ, बाजरी, वांगी, हरभरा यांची जमवाजमव. सकाळी फिरून आले आणि रोज टिपलेल्या सूर्योदयाच्या वेळा पाहत बसले. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, जवळपास ११ तासांचा. तेव्हा पुण्यात सूर्य ७ वाजून २ मिनिटांच्या आसपास उगवतो. त्यानंतर दिवस मोठा होतो, पण तो संध्याकाळच्या बाजूने. सकाळ आणखी उशिरा होत राहते आणि जानेवारीच्या मध्याला सूर्योदय ७ वाजून ९-१० मिनिटांवर जातो. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्यात वेगात असते. या दोन्हींमुळे सूर्य माथ्यावर येण्याची घड्याळातली वेळ रोज थोडी पुढे जाते, आणि तिच्याबरोबर सकाळही.

म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास हा नेमका सकाळ उशिरा होत जाण्याचा महिना आहे. याच महिन्यात आजी पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी तयार ठेवायची आणि सूर्य उगवताना पानं वाढायची. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, हेही तिचंच. पंचांगाच्या गणिताने दिवस केव्हाच वाढायला लागलेला असतो, हे खरं. पण पहाटे उठणाऱ्या माणसाला उजेड लवकर मिळू लागतो तो संक्रांत झाल्यावरच. तिने ते अंगणात उभं राहून पाहिलेलं होतं.

रथसप्तमीपर्यंत रोजची वही चालू ठेवायची आहे. वेळ, वारा, ढग आणि दव पडलं का. उद्या नदीकाठी आणि टेकडीवर दोन्हीकडे तापमापक घेऊन जायचं ठरवलंय, शेजारची मुलंही येणार आहेत.