तान्ह्या पोळ्याची तयारी

आज आमच्या लाकूडकाम मंडळात सगळे नंदीच घेऊन बसले होते. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, जवळ आला की नागपूरच्या महाल भागात दुसरं काही सुचतच नाही. नागपूरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली मुलांसाठी हा सण सुरू केला, असं इथले जुने लोक सांगतात.

सागवानात वशिंड कोरताना पटाशी लाकडाच्या रेघांच्या उतारानं चालवायची, उलटी गेली की ढलपी निघते. शिंगं वेगळी कोरून बसवायची, म्हणजे रेघ लांबीत येते अन् ती सहज मोडत नाहीत. शेजारच्या काकांनी माझ्या हातावर हात ठेवून हे शिकवलं. (काम संपेपर्यंत काका चहालाही उठत नाहीत!) फार बरं वाटलं.

चाकं बसवायची बाकी आहेत. पोरांनो, पुढच्या रविवारी या, पॉलिश पेपर मारायला हात हवेत.