डीडी वापरताना मी काय बघतो

डिस्क कुरकुरायला लागली की मी एकेक फाइल कॉपी करत बसत नाही, सरळ डीडी या लिनक्सच्या कमांडने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढतो, कारण डीडीला फाइल, फोल्डर यातलं काही कळतच नाही, ते पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि दुसरीकडे जसंच्या तसं लिहितं, त्यामुळे पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची नोंद), बूट सेक्टर (मशीन सुरू करून देणारा भाग) सगळं येतं. मला हा साधेपणा फार आवडतो.

आयएफ म्हणजे कुठून वाचायचं, ओएफ म्हणजे कुठे लिहायचं. हे उलटसुलट झालं तर डीडी एका शब्दाने विचारत नाही, चांगल्या डिस्कवर लिहून मोकळं होतं! म्हणून एंटर मारायच्या आधी जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवून डिस्कचं नाव आणि साइज ताडून बघाच. बीएस, म्हणजे एका वेळी वाचायच्या ब्लॉकचा आकार, दिला नाही तर ५१२ बाइट्सचा ब्लॉक धरला जातो आणि काम रेंगाळतं, चांगल्या डिस्कला मी ४ एमबी देतो.

बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग, असतील तर डीडीला नोएरर हा पर्याय एकटा देऊ नका, सोबत सिंक हा पर्यायही द्या. नोएररमुळे एरर आली तरी कॉपी थांबत नाही, पण सिंक नसेल तर न वाचलेला भाग गाळला जातो आणि पुढचा सगळा डेटा मागे सरकतो, मग ती इमेज माउंट होईल, म्हणजे उघडून आतल्या फाइली बघता येतील, याची खात्री नाही. सिंक त्या जागी शून्यं भरतं. इथे ब्लॉक मात्र छोटा ठेवा, नाहीतर एका खराब सेक्टरपायी आजूबाजूचा चांगला डेटाही जाऊ शकतो.

डिस्क अगदीच शेवटच्या घटका मोजत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू हे वेगळं टूल घ्या, ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.