मोज्यातला कोळसा

रोममध्ये आम्ही पाच दिवस होतो. कोलोसियम पाहिलं, व्हॅटिकनच्या रांगेत अर्धा दिवस गेला. पण मला लिहायचंय ते ६ जानेवारीच्या सकाळबद्दल.

आदल्या दिवशी पियाझ्झा नव्होनात बेफानाच्या जत्रेला गेलो होतो. बेफाना म्हणजे केरसुणीवर बसून येणारी म्हातारी. बाळ येशूच्या भेटीला निघालेल्या तीन राजांनी तिला सोबत बोलावलं, पण झाडलोट टाकून ती गेली नाही. मग हळहळली, आणि तेव्हापासून त्या बाळाला शोधत घरोघरी खाऊ ठेवते. ५ तारखेच्या रात्री मुलं मोजे टांगतात. शहाण्यांना खाऊ, द्वाडांना कोळसा. जत्रेत इतकी गर्दी होती की लेकीचा हात सुटला. पाच मिनिटांनी ती कारंज्यापाशी सापडली आणि भीतीपोटी मी तिला चारचौघांत नको तेवढं बोलले. हात माझ्याकडूनच सुटला होता.

सकाळी पाहिलं तर घरमालकीण आजींनी आमच्याही दाराला मोजा टांगलेला. लेकीनं हात घातला. चॉकलेटं, एक संत्रं, आणि तळाशी काळाकुट्ट, खडबडीत दगड. तिचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, “आई, त्यांना कालचं कुणी सांगितलं?”

माझ्या पोटात कालवलं.

आजींना मराठी कळली नाही, पण चेहरा कळला. त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात नेलं, कोळसा फळीवर ठेवून बत्त्यानं फोडला, पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि तिला जीभ काढून दाखवली. काळी! मग लेकीची जीभ काळी झाली, मग माझी. दाताखाली जरा करकरतो आणि बत्ताशासारखा विरघळतो. साखरेचा कडक पाक उकळायचा, अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर आणि काळा रंग एकत्र फेटून त्यात घालायचं. पाक फसफसून वर येतो, तसाच थिजू द्यायचा; म्हणून तर आत अशी जाळी पडते. आजी हे हातवाऱ्यांनी आणि फोनवरच्या भाषांतरानं सांगत होत्या. कोळसा घरात सगळ्यांना मिळतो, म्हणाल्या. त्यांच्या यजमानांना दरवर्षी सगळ्यात मोठा. १९७७ मध्ये सरकारनं ६ जानेवारीची सुट्टी काढून घेतली होती, ती १९८५ च्या डिसेंबरात परत जाहीर झाली. तो राग आजींच्या आवाजात अजून होता.

तिथेच लेकीला जवळ घेऊन मी कालच्याबद्दल माफी मागितली. तिनं कोळशाचा मोठा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

उरलेला तिनं सांगलीच्या आजीसाठी जपून आणला. संक्रांत आठवड्यावर होती. आई अंडं खात नाही. तिनं तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, वास घेतला. “संक्रांतीला काळं चालतंच की गं,” म्हणाली आणि हळदीकुंकवाला आलेल्या मुलांसाठी तो काटेरी हलव्याच्या शेजारी वाटीत मांडला.