माझा अनुभव: दोन राज्यांच्या हद्दीवर एक साकव बांधताना

माझं माहेर गोव्यात, डिचोली तालुक्यात आणि सासर महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. ऐकायला लांब वाटतं पण मधे फक्त एक व्हाळ, म्हणजे ओढा आहे, उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी. लग्न ठरलं तेव्हा मुलगी दुसऱ्या राज्यात देतोय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. देवी एक, जत्रा एक, आमची पोरं रोज कामाला तिकडे जातात, तिकडच्या बायका दळण नि काजूबिया घेऊन इकडे येतात.

त्या व्हाळावर माडाच्या खोडांचा साकव, म्हणजे चालत जाण्यापुरता लहान पूल होता. दरवर्षी पावसाआधी दोन्हीकडची माणसं जमून तो नीट करायची, ना ठराव ना एस्टिमेट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सीमा बंद झाली तेव्हा पहिल्यांदा मला ती हद्द दिसली असं म्हणेन. बाबा पलीकडच्या काठावर येऊन उभे राहायचे, मी अलीकडे, आणि आम्ही ओरडून बोलायचो. मग जुलै २०२१ च्या पुरात साकवच गेला आणि नुसता गेला नाही तर दोन्ही काठ कापून गेला, पात्र इतकं रुंद झालं की माडाचं खोड पोचेना. आता सिमेंटचाच हवा होता. तोपर्यंत पावसाळ्यात माहेरी जायचं म्हणजे १४ किलोमीटरचा वळसा, आणि कॉलेजला डिचोलीला जाणाऱ्या मुलांनाही तेच.

डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत मी ग्रामपंचायतीत सदस्य झाले. तिकडे गोव्यात ऑगस्टमध्येच निवडणुका होऊन गेलेल्या, माझ्या माहेरच्या वाड्यावरचेच एक काका पंच, म्हणजे तिथल्या पंचायतीचे सदस्य झाले होते. म्हटलं आता काय, दोन्हीकडे आपलीच माणसं, सहा महिन्यांत काम होईल. त्याला सव्वादोन वर्षं लागली.

पहिली चूक आम्हीच केली. ग्रामसभेत ठराव घेतला की दोन्ही पंचायतींनी निम्मा निम्मा खर्च करून साकव बांधावा. तिकडेही तसाच ठराव झाला. दोन्ही ठराव वरून परत आले. आमची ग्रामपंचायत १९५८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, त्यांची १९९४ च्या गोव्याच्या पंचायत राज कायद्याखाली, आणि दोन्हीकडे पंचायतीचा अधिकार तिच्या हद्दीपुरताच. हद्दीबाहेर वरच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नाही आणि दुसऱ्या राज्यातल्या पंचायतीशी करार करायची तर सोयच नाही. मी म्हटलं अहो तिळारी धरण दोन राज्यांनी मिळून बांधलंच की. तेव्हा एका इंजिनिअर साहेबांनी मला समोर बसवून नीट समजावलं, की तिळारीचा १९९० चा करार सरकार आणि सरकार यांच्यातला आहे, खर्च गोव्याचा ७३.३० टक्के, आपला २६.७० टक्के, असं सगळं लिहून ठरलेलं. राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने होतो, घटनेच्या कलम २९९ प्रमाणे, एका साकवासाठी ती फाइल आपल्या मंत्रालयात आणि पर्वरीला गोव्याच्या सचिवालयात फिरवायची तर तुमची मुलं नोकरीला लागतील तोवर. त्यांचं म्हणणं मला पटलं. त्यांनीच सांगितलं की करार मागू नका, कामाचे तुकडे करा, प्रत्येक ऑफिसकडे तेवढंच मागा जेवढ्यावर त्याला सही करता येते. तुमच्याकडे असं काही अडलं असेल तर एवढं एक लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

मग तुकडे असे पडले. साकव आमच्या जिल्ह्याच्या साकवांच्या निधीतून अख्खा एकाच यंत्रणेने बांधायचा, कारण स्लॅब काही मधोमध कापता येत नाही. पलीकडचा पाया गोव्याच्या जमिनीत येतो, त्याला त्यांच्या जलस्रोत खात्याची आणि जमीनमालकाची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. आणि पलीकडचा जोडरस्ता त्यांच्या पंचायतीने त्यांच्या पैशातून करायचा. म्हणजे कुणीच कुणाला पैसे द्यायचे नाहीत, हद्द फक्त कागद ओलांडतो.

पण पाया नक्की कुणाच्या जमिनीत हे कोण सांगणार? आमच्याकडे सातबारा, त्यांच्याकडे एक-चौदाचा उतारा. आमचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, त्यांचं चौरस मीटरमध्ये. आमचा नकाशा इंग्रजांच्या काळातला, त्यांचा गोवा मुक्तीनंतरच्या मोजणीचा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तर व्हाळ दोन वेगळ्या जागी दिसतो आणि पुरानंतर तो तिसऱ्याच जागी गेलेला. आमचा भूकरमापक हद्दीपलीकडे मोजू शकत नाही, त्यांचा अलीकडे येत नाही, म्हणून दोघांनी एकाच दिवशी यावं यासाठी मी पाच वेळा अर्ज केले. एकदा हे आले ते नाहीत, एकदा ते आले हे नाहीत.

शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये दोघेही आले, आणि मशीन लावूनही अडलं ते हद्दीच्या दगडापाशी. नकाशात दगड आहे, जागेवर नाही. तेव्हा बाबांना आणलं, ७८ वर्षांचे, लहानपणी तिथेच गुरं चारायचे. ते काठी टेकत गेले आणि करवंदाच्या एका जाळीपाशी थांबले. भावाने कोयतीने जाळी तोडली, आत मातीचं वारूळ, ते फोडलं तर खाली जांभ्याचा चौकोनी दगड, वर चरा मारलेला, शेवाळ धरलेलं. दोन्ही सर्व्हेअर खाली बसले, हाताने माती काढली आणि कुणी काही न बोलता दोघांनी आपापला टेप त्याच दगडापासून लावला. त्या दिवशी संयुक्त पंचनाम्यावर दोन राज्यांच्या सह्या एका कागदावर झाल्या. त्याच्या मी दहा झेरॉक्स काढून ठेवल्या.

लगेच १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता. जूनपर्यंत सगळं ठप्प, मग पाऊस, मग ऑक्टोबरमध्ये आमच्या विधानसभेची आचारसंहिता. गोव्यात तेव्हा निवडणूक नव्हती, तिकडची फाइल हलायला तयार आणि आमची कपाटात. हे होणारच होतं, त्यात कुणाचा दोष नाही, पण मुलांचं एक वर्ष गेलं याचं मला फार वाईट वाटलं.

एनओसी सगळ्यात जास्त कशाला अडली असेल तर देखभालीला. एका ऑफिसात मला कोकणीत सांगितलं, "बाय, हें आमच्या हातांत ना", म्हणजे हे आमच्या हातात नाही. त्यांचा प्रश्न बरोबर होता. उद्या कठडा तुटला, कुणी पडलं, तर जबाबदार कोण? आमच्या अर्जात त्याबद्दल एक ओळ नव्हती. मग आमच्या ग्रामसभेचा नवीन ठराव केला की साकवाची देखभाल-दुरुस्ती दोन्ही टोकांपर्यंत आमची, त्यावर जिल्हा परिषदेचं पत्र घेतलं. तिकडून आमचे मराठी कागद इंग्रजीत करून मागितले होते, तेव्हा मी नम्रपणे लिहून दिलं की गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामाला मराठीही चालते. ते मान्य झालं, तरी पंचनाम्याचं भाषांतर मी करून दिलंच, कारण फाइल ज्यांच्या टेबलावरून जाते त्यांना सोपं गेलं तर आपलं काम लवकर होतं.

जानेवारी २०२५ मध्ये एनओसी हातात आली. ऑफिसच्या पायरीवर बसून मी तीनदा वाचली, जावक क्रमांक आहे ना, सर्व्हे नंबर बरोबर आहे ना. परत येताना माहेरी थांबून आईला दाखवली, तिला वाचता येत नाही, तिने शिक्क्यावरून हात फिरवला.

काम मार्चमध्ये सुरू झालं, स्लॅब एप्रिलच्या शेवटी घालून झाला. २५ मेलाच मान्सून कोकणात पोचला त्यामुळे पलीकडचा जोडरस्ता राहिला, आणि अख्खा पावसाळा गोव्याच्या बाजूला गुडघाभर चिखल. तरी मुलं जायची, चपला हातात घेऊन, वळसा नको म्हणून. गणपतीत मी नव्या साकवावरून पहिल्यांदा चालत माहेरी गेले. रस्ता नोव्हेंबरमध्ये झाला, पंच काका स्वतः रोज उभे होते तिथे. दिव्याचा खांब अजून नाही, मीटर कुठल्या राज्याचा यावर अर्ज चालू आहे.

यंदाच्या जत्रेला बाबा नारळ घेऊन स्वतः चालत आले. साकवाच्या मधे थांबले, कठड्याला धरून खाली वाकून बघायला लागले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "फातर खंय उरलो गो?" म्हणजे तो हद्दीचा दगड कुठे राहिला गं? मी त्यांना धरून पलीकडच्या टोकाला परत नेलं. पायाच्या बाजूला दोन हातांवर दगड तसाच ठेवलाय, मिस्त्रीने भोवती चुन्याची रेघ मारून दिलीय. बाबांनी तो बघितला, मग आम्ही देवळात गेलो.