ओमानच्या डोंगरांत समुद्रतळाची उतरंड

मस्कतहून बातिना किनाऱ्याने सोहारकडे निघाले की डावीकडे दिसणारे काळपट, बोडके डोंगर हा एकेकाळचा समुद्रतळ आहे. सुमारे 9.6 कोटी वर्षांपूर्वी निओ-टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्रात घडलेले कवच आणि त्याखालचे प्रावरण (कवचाखालचा पृथ्वीचा जाड थर) पुढे अरबस्तानच्या कडेवर ढकलले गेले. समाईल ओफिओलाइट (ओफिओलाइट म्हणजे जमिनीवर आलेला समुद्रतळाचा तुकडा) या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा जवळजवळ 500 किलोमीटर लांब आहे. वर लाव्हा, खाली डाइकांचा (फटीत शिलारस गोठून झालेल्या उभ्या भिंतींचा) थर, मग गॅब्रो (खोलवर सावकाश थंड झालेला भरड कणांचा खडक) आणि तळाशी पेरिडोटाइट (प्रावरणाचा खडक) अशी उतरंड पुस्तकात सरळ उभी असते. इथे मात्र ती आडवी पडून, तुटून, शंभर ठिकाणी विखुरली आहे. म्हणून प्रवास करताना वरून खाली जाणारा क्रम आपणच ठरवावा लागतो.

आम्ही सुरुवात सोहारपासून केली. तिथून बुरैमीकडे जाणाऱ्या वादी जिझीच्या (वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीचे खोरे) रस्त्याजवळ पिलो लाव्हाचा, म्हणजे उशांच्या आकाराच्या लाव्हाचा, जगभर ओळखला जाणारा उघडा कडा आहे. पाण्याखाली बाहेर पडलेल्या लाव्हाची वरची बाजू फुगीर होते आणि खालची बाजू आधीच्या दोन उशांमधल्या खाचेत टोकासारखी रुतते. ही टोके कुठे वळली आहेत ते पाहिले की थर सुलटा आहे की उलटा, हे कोणत्याही उपकरणाशिवाय ठरवता येते. काही ठिकाणी लाव्हावर लोह-मँगनीजयुक्त गाळ आणि रेडिओलारिया या सूक्ष्म समुद्री जीवांचे अवशेष असलेले थर आहेत आणि त्यांवरून समुद्रतळाचे वय ताडता येते. या कड्यावर कृपया हातोडा चालवू नये. पाहण्यासारखे सगळे पृष्ठभागावरच आहे.

माझ्या मते प्रवासातला सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा, डाइकांचा आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाने डाइक पाहिलेली असते: आजूबाजूचा बेसाल्ट चिरत गेलेली एखादी उभी भिंत. सोहारमागच्या वादींमध्ये आजूबाजूचा खडकच नसतो. डाइकला लागून डाइक आणि तिलाही मधोमध चिरणारी तिसरी. कवच सतत ताणले जात असेल आणि प्रत्येक फट नव्या शिलारसाने भरत असेल, तरच असे घडते. प्रत्येक डाइकची थंड पडलेली, बारीक कणांची कड शोधावी. पुष्कळदा ती एकाच बाजूला सापडते, कारण उरलेला अर्धा भाग पुढच्या डाइकने फोडून दूर नेलेला असतो. डाइकांच्या दिशेवरून जुन्या मध्यसागरी कण्याची (जिथे समुद्रतळ फाटून नवे कवच तयार होते त्या रांगेची) दिशा काढता येते, पण उत्तरेकडचा भूभाग नंतर घड्याळाच्या दिशेने मोठ्या कोनातून फिरल्याचे पुराचुंबकीय मोजमापे (खडकांत गोठलेल्या जुन्या चुंबकीय दिशेची मोजणी) सांगतात, तेव्हा होकायंत्रातला आकडा जसाच्या तसा घेऊ नये. या टप्प्यासाठी संपूर्ण दिवस राखून ठेवावा.

गॅब्रो आणि मोहो पाहण्यासाठी नखलजवळची वादी अल अब्यद सोयीची आहे. पट्टेदार गॅब्रो संपून ड्युनाइट आणि हार्झबर्गाइट हे पेरिडोटाइटचे प्रकार सुरू होतात, तो कवच आणि प्रावरण यांच्यातला सांधा म्हणजे मोहो. मात्र ही एकच रेघ असेल अशी अपेक्षा ठेवू नये. संक्रमणाचा पट्टा कुठे काही मीटर, तर कुठे शेकडो मीटर जाडीचा असतो. त्याच वादीत पेरिडोटाइटमधून झिरपणाऱ्या पाण्याची निळी डबकी आणि पांढरे कॅल्साइट दिसते. त्या पाण्याचा सामू (pH) 11 च्या वर जातो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते, त्यामुळे ते पिऊ नये आणि डोळ्यांना लागू देऊ नये.

एक खबरदारी वाचनाचीही आहे. इथल्या वरच्या लाव्हांचे रसायन एखाद्या सामान्य मध्यसागरी कण्याशी पूर्णपणे जुळत नाही, त्यात दुसऱ्या पट्ट्याखाली बुडणाऱ्या भूपट्टातून आलेल्या पाण्याची खूण दिसते. त्यामुळे ‘हाच अटलांटिकच्या तळासारखा समुद्रतळ’ असे म्हणताना जपावे. वादी तय्यिनमध्ये पेरिडोटाइटच्या बुडाशी असलेले अँफिबोलाइट (उष्णता आणि दाबाने बदललेला खडक) पाहिले की हा समुद्रतळ नेमका कुठे घडला हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथले गार्नेटयुक्त खडक आजच्या ओफिओलाइटच्या जाडीपेक्षा जास्त खोलीवर तयार झालेले दिसतात आणि त्यांचे वय कवचाच्या वयाच्या अगदी जवळचे आहे.

नोव्हेंबर ते मार्च हाच काळ निवडावा. वादींसाठी चारही चाकांना जोर देणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी घ्यावी. गाड्या उजव्या बाजूने चालतात, हे आपल्याकडच्या चालकाने पहिल्या दिवशी विसरता कामा नये. डोंगरात दूर कुठे पाऊस झाला तरी वादीला अचानक लोंढा येतो आणि वाहत्या वादीत गाडी घालणे तिथे कायद्याने गुन्हा आहे. बुरैमीच्या अलीकडे सीमातपासणी नाका असल्याने पासपोर्ट जवळ ठेवावा. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, प्रत्येकी निदान चार लिटर पाणी असावे, आणि नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर परवानगीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.