गोष्टीतून असमानता मांडताना: माझा अनुभव

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून मी अमळनेरहून बारावी कॉमर्सला बसले. गणित घेतलं हे ऐकून जावेने कपाळाला हात लावला. आलेख काढणं, छेदनबिंदू शोधणं सरावाने जमतं. गाडी अडते ती त्याच्या आधीच, चार ओळींची गोष्ट वाचून दोन चलांतली असमानता लिहिताना, म्हणजे क्ष आणि य या दोन अज्ञात संख्यांवरची अट ≤ (पेक्षा जास्त नाही) किंवा ≥ (पेक्षा कमी नाही) या चिन्हाने मांडताना.

क्लासमध्ये तक्ता मिळाला होता: 'किमान' दिसलं की ≥, 'जास्तीत जास्त' दिसलं की ≤. तक्ता खोटा नाही, पण पुष्कळ उदाहरणांत हे शब्द नसतातच. 'त्याच्याकडे दीड लाख रुपये आहेत' एवढंच असतं, त्यातलं ≤ आपण ओळखायचं. म्हणून मी घरच्या शेतीवरच उदाहरण रचायला घेतलं. आठ एकरांत कापूस नि मका कसा बसवायचा, असं सासऱ्यांना विचारलं. आबा म्हणाले, "पैसा कितला शे ते आधी सांग."

आकडे सोयीचे धरले. कापसाला एकरी २५ हजार खर्च, मक्याला १५ हजार, हाताशी दीड लाख. आता 'क्ष म्हणजे कापूस' असं लिहिलं की पुढे घोळ ठरलेला. कापसाचं काय? एकर, क्विंटल की रुपये? मी वहीत पूर्ण लिहायचे: क्ष = कापसाखालचे एकर, य = मक्याखालचे एकर.

जमिनीची अट: क्ष + य ≤ ८. इथे = नाही, कारण एखादा तुकडा पडीत राहिला तरी चालतं. पैशाची अट: २५०००क्ष + १५०००य ≤ १५००००, म्हणजे ५क्ष + ३य ≤ ३०. दोन्हीकडे रुपयेच आहेत ना, तेवढं तपासायचं. गुरांच्या चाऱ्यासाठी दोन एकर तरी मका हवाच: य ≥ २.

खरी गंमत पुढच्या अटीत. 'कापूस मक्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको.' अर्धा क्लास २क्ष ≤ य लिहून मोकळा झाला. वाक्य ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने चिन्हं मांडली की हेच होतं. यावर माझा एकच उपाय, आकडे घालून बघणं. मका दोन एकर असेल तर कापूस चार एकर चालतो. २क्ष ≤ य मध्ये घातलं तर ८ ≤ २, साफ खोटं. क्ष ≤ २य मध्ये ४ ≤ ४, बरोबर. आलेखावर क्ष = २य ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते, त्यामुळे तिची कोणती बाजू अटीत बसते नि रंगवायची हे (०, ०) वरून कळत नाही, (०, १) घ्यावा लागतो.

चार-चार एकर सगळ्यांना आवडणारी वाटणी. जमिनीत बसते, पण ५×४ + ३×४ = ३२, पैशात नाही. तीन एकर कापूस, पाच एकर मका केला की बरोब्बर ३०.

पुढचा हिशेब, म्हणजे अटींत बसणाऱ्या वाटण्यांतून सगळ्यात फायद्याची शोधणं, सोपा. त्यासाठी अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगने १९४७ साली सिम्प्लेक्स नावाची पद्धत काढली, आज कॉम्प्युटर क्षणात उत्तर देतो. मात्र क्ष ≤ २य च्या जागी २क्ष ≤ य दिलंत तर तो त्याचंही उत्तर तितक्याच झपाट्याने देईल.

शेवटी क्ष ≥ ० आणि य ≥ ० लिहायचं. य ≥ २ असताना य ≥ ० आपोआप येतं, तरी परीक्षेत लिहिलेलं बरं. आबांना ही अट सांगितली तर ते हसायलाच लागले. "उणा दोन एकर कापूस कोन पेरस वं?"