पाच कणसांची एक भाकरी

स्मरणिकेत शाळेच्या इमारतीवर, गॅदरिंगवर आणि शिस्तीवर बरेच जण लिहितील. मी शाळेमागच्या दोन गुंठे जमिनीवर लिहितो. भाकरी कुठून येते हे आपल्या शाळेत तिथं शिकवलं जायचं, आणि ते कसं शिकवायचं हे कुठल्याच दप्तरात नोंदलेलं नाही.

पहिली गोष्ट, हा एका दिवसाचा उपक्रम नव्हे. हल्ली शाळाशाळांतून 'भाकरी दिन' होतो. विकतचं पीठ, गॅसची शेगडी, फोटो. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाकरी पिठाची होते, आणि ते त्याला आधीच ठाऊक असतं. आपल्याकडे भाकरीला पाच महिने लागायचे.

ज्वारीचा वाण मालदांडी ३५-१, आपल्याच सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला. पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वाफसा आला की, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली की. त्याआधी घाई केली तर खोडमाशी पडते आणि रोपांचे पोंगे, म्हणजे मधले कोवळे शेंडे, मरतात. बियाणं गुंठ्याला १०० ग्रॅम, काणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून. एवढ्याशा तुकड्यात पेरणीची तिफण कोण आणणार? दोरी लावून ४५ सेंटिमीटरवर खुरप्यानं काकऱ्या ओढायच्या आणि बी दोन बोटं खोल टाकायचं. बारा दिवसांनी विरळणी, दोन रोपांत वीतभर जागा ठेवून. इथं मुलांचा हात चालत नाही, उगवलेलं उपटायला जिवावर येतं. म्हणून एक काकरी मुद्दाम दाट ठेवायची. तिची चिंगळी कणसं पाहिली की पुढच्या वर्षी कुणाला सांगावं लागत नाही.

खरा त्रास पाखरांचा. शिवारभर ज्वारी असली तर पाखरं वाटली जातात, पण शाळेचा तुकडा आगाप, म्हणजे इतरांच्या आधी, तयार झाला तर सगळा थवा त्यावरच उतरतो. दाणा दुधात आला की सकाळ-संध्याकाळ राखण हवीच. बुजगावण्याला चिमण्या दोन दिवसांत ओळखतात.

चार महिन्यांनी ताटं उपटायची, पेंढ्या आठवडाभर वाळवायच्या, कणसं मोडून बडवायची आणि वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून सुपानं उफणायचं. वारा पडला की थांबायचं. सूप जोरात हलवून काही उपयोग नाही. चांगल्या साली दोन गुंठ्यांतून २५-३० किलो दाणे निघत.

यानंतरचा तास गणिताचा. शंभर दाणे तराजूत टाकले तर साधारण साडेतीन ग्रॅम भरतात. कोरडवाहू कणसातून सरासरी १५ ग्रॅम दाणे मिळतात. एका मध्यम भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे एका भाकरीला पाच कणसं, आणि दाणे एकवीसशेच्या वर. हा हिशोब फळ्यावर मांडण्याआधी प्रत्येक गटाला पाच कणसं हातात द्यायची. डब्यातला तुकडा टाकायला निघालेला हात त्यानंतर जरा थबकायचा.

थोडे दाणे जात्यावर, बाकीचे चक्कीवर. जात्यात दाणे मुठीमुठीनं वैरायचे. घास मोठा पडला की पीठ जाडं येतं, आणि जाड्या पिठाची भाकरी थापताना चिरते. चक्कीचं पीठ गरम येतं. डबा लगेच बंद केला तर आत वाफ धरते. परातीत पसरून निवू द्यायचं.

भाकरीच्या दिवशी शिकवायला गावातल्या मावश्या यायच्या, चार मुलांमागे एक. काठवट घरची, तवा घरचा, तुराट्या आणि शेणी मुलांनी आणलेल्या. आधी तीन ढिगल्या मांडायच्या: ताजं पीठ गार पाण्यात, ताजं पीठ गरम पाण्यात, आणि महिन्याभराचं जुनं पीठ गार पाण्यात. तिन्ही गोळे थापून पाहायचे. तिसऱ्याला कडेनं भेगा पडतात. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. ज्वारीला गव्हासारखी तार नसते. गरम पाण्यानं पिठातलं स्टार्च फुगतं आणि त्याचाच चिकटपणा भाकरी धरून ठेवतो. म्हणून जुन्या पिठाला मधोमध आळं करून आधणाचं पाणी घालायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळावं.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात. मुलं इथंच चुकतात. पाणी उशिरा लावलं तर पांढरं पीठ तसंच राहून पापुद्रा तडकतो. लावलेलं पाणी पूर्ण वाळू दिलं तरी तेच. "पाणी दिसतंय तवरच उलथ, वाळल्यावर काय उलथतीस!" हे प्रत्येक चुलीवर ऐकू यायचं. दुसरी बाजू नीट भाजली की भाकरी चुलीच्या तोंडाशी आराला उभी करायची. दोन्ही पापुद्रे धड असले तर आतली वाफ अडते आणि भाकरी टम्म फुगते. टाचणीएवढं भोक पडलं तरी वाफ तिथून फुस्स करून निघून जाते. कड जाड राहिली तर मधलं करपतं नि कड कच्चीच. तवा पुरता तापला नसेल तर भाकरी चिकटते. पाण्याचा शिंतोडा नाचून उडाला की तवा तयार.

पहिली भाकरी ५० ग्रॅमचीच करू द्यावी. मोठ्या गोळ्याला लहान हात पुरत नाहीत.

सोबत शेंगाचटणी, कांदा, पिठलं. उरलेल्या भाकऱ्यांची कडक भाकरी होत नाही. ती मुळात पातळ थापून, तीळ लावून करावी लागते. उरलेल्या कुस्करून सकाळी फोडणीला टाकायच्या. कडबा ज्याची बैलं नांगरटीला आली त्याच्या घरी. मळणीआधीच निवडून ठेवलेली बारा-पंधरा भरदार कणसं प्रयोगशाळेच्या खिडकीत कडुलिंबाच्या पाल्यासह टांगलेली असायची. पुढच्या सप्टेंबरचं २०० ग्रॅम बियाणं त्यातूनच निघायचं.